जिन्याखालची शाळा

४ एप्रिल

धाकट्या,

आशीर्वाद वगैरे मागच्या आठवड्यात तुझ्या दुकानात देऊन झाले, ते सगळ्या गिऱ्हाइकांनी ऐकले. "ताई, औषधाच्या दुकानात येऊन ओरडत जाऊ नकोस, काय असेल ते लिहून दे," असं तू म्हणालास. म्हणून लिहून देते आहे. आपली घरं दोन गल्ल्यांच्या अंतरावर आणि मधे टपाल वाहायला तुझी बायको. ती नाहीतरी रोज सकाळी माझ्या दारावरून फिरायला जाते. लिहिण्यात माझाही एक फायदा आहे. तोंडी बोललेलं तुमची शिक्षणसंस्था नंतर नाकारते; कागद नाकारायला जरा जास्त निर्लज्जपणा लागतो.

तर तुमच्या संकुलाचं माहितीपत्रक काल माझ्या दारात येऊन पडलं. गुळगुळीत कागद, हाताला चिकटणारा. वर लिहिलंय, 'शाळेच्या आठवणी जपणारं संकुल'. शाळा पाडायची आणि आठवणी जपायच्या, हे ज्याच्या डोक्यातून निघालं त्याला एकदा माझ्यासमोर उभं कर. तळमजल्यावर उपाहारगृह, त्याचं नाव 'मधली सुट्टी'. पहिल्या मजल्यावर व्यायामशाळा, तिचं नाव 'कवायत'. गाड्या लावायच्या जागेचे दोन भाग, 'तुकडी अ' आणि 'तुकडी ब'. लिफ्ट मजल्यावर पोचली की म्हणे शाळेची घंटा वाजणार. चित्रात एक कुटुंब हसत हसत त्या लिफ्टमधून बाहेर पडतंय. त्यातल्या एकानेही कधी शाळेची पायरी चढली असेल, असं तोंडावरून वाटत नाही.

दुकानं आहेत, बँक आहे, मधे ऑफिसं, वर फ्लॅट, गच्चीवर बाग. मी तो कागद उलटा धरून पाहिला, सुलटा धरून पाहिला, चष्मा पुसून पाहिला. शाळा कुठे आहे?

तू संस्थेचा सचिव आहेस, म्हणून आठवण करून देते. जुनी इमारत पाडताना ठरलं होतं की मोठे वर्ग हमरस्त्यावरच्या नव्या इमारतीत जातील आणि माझे पहिली ते चौथीचे वर्ग इथेच परत येतील. संकुलाचा पहिला मजला शाळेचा. सगळा मजला. तुमच्या अध्यक्षांनी पालकांच्या सभेत हात वर करून सांगितलं होतं. त्या मजल्यावर आता लोक घाम गाळायला कसे काय निघालेत?

उत्तर लेखी दे. सहीसकट.

ताई

७ एप्रिल

ती. ताई,

नमस्कार. तुझं पत्र मिळालं. तुझ्या वहिनीचं म्हणणं आहे की ते हातात धरल्यावरसुद्धा गरम लागत होतं.

माहितीपत्रक हे केवळ विक्रीसाठी असतं. त्यात सगळ्याच गोष्टी दाखवत नाहीत. शाळेच्या जागेबाबत संस्था अत्यंत सकारात्मक आहे, आणि शैक्षणिक विभागाचा आराखड्यात तत्त्वतः समावेश आहे. पहिल्या मजल्याचं म्हणशील, तर बिल्डरचं म्हणणं असं पडलं की खाली मुलांचा गोंगाट असेल तर ऑफिसं विकली जाणार नाहीत. म्हणून काही फेररचना झाली. इमारतीचा सांगाडा उभा असला तरी आतल्या भिंती अजून व्हायच्या आहेत, तेव्हा अंतिम काहीच नाही. मी तुला सगळा आराखडाच पाठवतो. तू शांतपणे बघ आणि प्राथमिक विभागाची प्रमुख म्हणून तुझा अभिप्राय लेखी दे. तो कार्यकारिणीपुढे ठेवण्याची जबाबदारी माझी.

एक विनंती आहे. अध्यक्षांना भर रस्त्यात 'कापड मोजताना अंगठा आत धरणारे' असं म्हणत जाऊ नकोस. त्यांचं कापडाचं दुकान आहे हे खरं, पण ते मनाला लावून घेतात.

तुझी भाची बरी आहे. तिच्या दवाखान्याच्या जागेचा प्रश्न तसाच आहे. खाटकाच्या दुकानावरची ती भाड्याची खोली, दातांच्या दवाखान्याला लोक तिथे यायला कचरतात. बघू.

तुझा
भाऊ

१५ एप्रिल

धाकट्या,

'तत्त्वतः समावेश' वाचून मी बसले ती उठले नाही. तत्त्वतः मीसुद्धा या गावची नगराध्यक्ष आहे.

आराखडा मिळाला, तपासला, परत पाठवते आहे. लाल पेन सरळ चालवलं आहे. तुमच्या आर्किटेक्टने उत्तर दिशा दोन पानांवर दोन वेगळ्या बाजूंना दाखवली आहे, दुरुस्त केली. बँकेचं दार त्याने भिंतीत उघडलं आहे. बँकेत पैसे ठेवणाऱ्यांच्या दृष्टीने ते बरंच आहे, पण गोल करून ठेवलं. 'मधली सुट्टी'च्या स्वयंपाकघराला खिडकी नाही. 'तुकडी ब'मध्ये शिरलेल्या गाडीला बाहेर पडायला वाट नाही. तिथे मी 'ही तुकडी कायमची नापास' असा शेरा मारला आहे. मुलाने मेहनत केली आहे म्हणून पाच गुण हस्ताक्षराला दिले.

आता शाळा. शाळा मला शेवटच्या पानावर सापडली. तळमजल्यावर, मागच्या बाजूला, जिन्याखाली. एका अंगाला विजेच्या मीटरची खोली, दुसऱ्या अंगाला मुतारी. छताला जिन्याचा उतार, म्हणजे चौथीतली उंच पोरं दाराकडे बसवायची आणि पहिलीतली मागे कोपऱ्यात घालायची. नाव काय, तर 'बहुउद्देशीय शैक्षणिक कक्ष'. कोंबड्यांच्या खुराड्यालासुद्धा याहून मान असतो.

मजल्याची खोली झाली, खोलीचं खुराडं झालं. मी तिथे फुली मारली आणि बाजूला स्वच्छ अक्षरात लिहिलं, 'शाळेवर एवढे तरी उपकार कशाला? ही खोलीही एखाद्या दुकानाला देऊन टाकावी, म्हणजे शाळेचा त्रास कायमचा मिटेल.' वाचू दे अध्यक्षांना. थोडी जरी लाज शिल्लक असेल तर ते पान बघून घास गिळणार नाही त्यांना.

तपासलेल्या पानाखाली सही केल्याशिवाय माझा हात उचलत नाही, म्हणून प्रत्येक पानावर सही आहे. हुद्दा आणि तारीखही आहे. मागशील ते सगळं दिलं.

ताई

२ मे

ती. ताई,

नमस्कार. उत्तराला उशीर झाला, क्षमस्व. दुकानात माल उतरत होता.

तपासलेला आराखडा कार्यकारिणीपुढे ठेवला. तू इतक्या बारकाईने लक्ष घातलंस याबद्दल सर्वांनी समाधान व्यक्त केलं. आर्किटेक्ट तर म्हणाला की इतकं कुणी तपासून देत नाही. दिशा, बँकेचं दार, स्वयंपाकघराची खिडकी, गाड्यांची वाट या सर्व दुरुस्त्या केल्या जातील. तुझे बाकीचेही शेरे मान्य करण्यात आले आहेत.

बाकी ठीक. उन्हाचं बाहेर पडू नकोस.

भाऊ

२० मे

धाकट्या,

तुझं पत्र एवढंसं होतं, पण मला त्यातलं एकच वाक्य पुरलं. शेरे मान्य! सगळे! मी ते तुझ्या बायकोलाही वाचून दाखवलं. ती पायांकडे बघत राहिली आणि चपला झिजल्यात म्हणाली. तिला या गोष्टींत कधी रस नव्हताच.

म्हणजे लाज होती तर. कुठेतरी कापडाच्या गठ्ठ्याखाली दडपली असेल, पण होती. मला माहीत होतं की माणसाला गोड बोलून काही होत नाही. बरोबर जागी टोचलं की बरोबर जागी हलतो. आता मला एवढं सांग, पहिला मजला पुरता परत देताय की अर्धा? अर्धाही मी घेईन, पण आधी कुरकुर करीन, ती तयारी ठेव.

लवकर कळव, कारण इथे दिवस काढणं कठीण होत चाललंय. आम्ही अजून त्या लाकडाच्या वखारीच्या माडीवर आहोत. खाली करवत सुरू झाली की पाढे थांबतात, करवत थांबली की पाढे सुरू. सुट्टी लागायच्या आदल्या दिवशी एक पोरगी वाचताना मधेच थांबली. करवत चालू नव्हती, तरी थांबली. का थांबलीस म्हटलं, तर म्हणाली, आता चालू होईल ना. वखारवाला भला माणूस आहे, पण त्यालाही जागा हवी आहे. सुट्टीनंतर एक महिना थांबतो म्हणालाय, पुढे नाही.

शिक्षण खात्याचे साहेब येऊन गेले. त्यांनी खुर्चीवरचा भुसा झटकला आणि सांगितलं की जुलैअखेर कायमची जागा दाखवा, मग ती केवढी का असेना. नाही दाखवली तर प्राथमिक विभागाची मान्यता गेली. ज्यांच्या घरी ने-आण करायला माणूस आहे त्यांनी पोरं कधीच हमरस्त्यावर हलवली. राहिलीत ती ज्यांच्या घरी आई-बाप दोघंही पहाटे कामाला बाहेर पडतात ती. ती चालत येतात. मान्यता गेली तर ती कुठेच जाणार नाहीत, घरी बसतील. राहिलेली पोरं आता एका खोलीत मावतात, ही काही अभिमानाने सांगायची गोष्ट नाही.

तर मजला कधी?

ताई

१२ जून

धाकट्या,

तुझं उत्तर आलं नाही. तुझी बायको आठवडाभर दुसऱ्या रस्त्याने फिरायला जाते. म्हटलं आपणच बघून यावं.

संकुलाच्या आवारात त्यांनी काचेची एक खोली केली आहे. आत थंडगार. मधोमध टेबलावर संकुलाचं छोटं घर, त्यात कापसाची झाडं आणि माचिसच्या काडीएवढी माणसं. एक विक्रीवाली मुलगी पुढे आली, पाणी दिलं, "काकू, रहायला बघताय की गुंतवणूक?" म्हणून विचारलं. मी म्हटलं, शाळा बघायची आहे. तिला आधी कळलंच नाही. मग म्हणाली, "अच्छा, ती! ती कॅन्सल झाली, काकू." मी विचारलं, कुणी केली? तर ती म्हणाली, "शाळेच्या मॅडमनीच. त्यांनी स्वतः लिहून दिलं की खोली दुकानाला द्या, शाळेला नको. खूप समजूतदार होत्या म्हणे." आणि तिने एक फाईल उघडून मला माझंच अक्षर दाखवलं. झेरॉक्समध्ये माझं लाल पेन काळं झालं होतं. खाली माझी सही, हुद्दा, तारीख.

त्या समजूतदार मॅडम म्हणजे मीच, हे मी तिला सांगितलं नाही. मी तिला विचारलं, मग तिथे आता काय? त्या छोट्या घरात जिन्याखाली एक लाल टिकली चिकटवली होती. ती म्हणाली, "बुक झालंय, डेंटल क्लिनिक."

या गावात दातांचे डॉक्टर दोन. एक इतका म्हातारा की स्वतःचेच दात वाटीत काढून ठेवतो. तो काही नवं दुकान थाटायला निघालेला नाही.

तू लहान होतास तेव्हापासून माझे टोमणे खातोयस. मी "वा, काय शहाणा मुलगा" म्हटलं की तू पळून माळ्यावर चढायचास. या जगात माझा टोमणा ओळखणारा पहिला माणूस तू आणि शेवटचाही तूच असशील. अध्यक्षांना नसेल कळलं, त्या माणसाला मापाबाहेरचं काही कळत नाही. बिल्डरला कळून घ्यायचं नसेल. पण ते पान तू वाचलंस तेव्हा तुला पहिल्या अक्षराला कळलं होतं मी काय म्हणतेय. आणि तू मूग गिळून बसलास, आणि माझ्या सहीवर आपल्या मुलीचा दवाखाना काढलास. वर मला लिहिलंस, उन्हाचं बाहेर पडू नकोस.

अभिनंदन. शाळेचा त्रास कायमचा मिटला.

ताई

१७ जून

ताई,

हे पत्र मी सचिव म्हणून लिहीत नाही.

तुझं पान अध्यक्षांनी मोठ्याने वाचलं. ते सगळंच एका सुरात वाचतात, हिशेब असो की दुखवट्याचा ठराव. वाचून झाल्यावर बिल्डरच्या माणसाने विचारलं, "मॅडमना खरंच असं म्हणायचंय का?" आणि सगळे माझ्याकडे बघायला लागले. तुझा भाऊ म्हणून. मी म्हणालो, "लिहिलंय तसंच म्हणायचं असेल." बस, एवढंच बोललो. खोटं एक अक्षर बोललो नाही, असं मी घरी जाताना स्वतःला सांगत होतो. तुझ्या वहिनीला सांगितलं तेव्हा तिने ताट पुढे सरकवलं आणि आत निघून गेली.

मला कळलं होतं. हो. पहिल्या अक्षराला.

खोलीचं नंतर झालं. रिकामी दिसली आणि मुलीचं डोळ्यांपुढे आलं. तिला माहीत नाही ती जागा शाळेची होती. मी सांगितलेलं नाही.

आता माझंही ऐक, ऐकवलं तर. तू विचारलंस पहिला मजला कुठे गेला. गेल्या हिवाळ्यात अध्यक्ष स्वतः तुझ्या घरी आले होते. अर्धा मजला द्यायला आले होते, बिल्डरशी भांडून. मी बरोबर होतो. ते चहाचा कप हातात धरून बोलायला सुरुवात करतात न करतात तोच तू म्हणालीस, "अर्धा मजला? मग अर्धी पोरंच आत घेते आणि उरलेली तुमच्या दुकानात गाद्यांवर बसवते." ते हसले नाहीत, कप ठेवून उठले. जिन्यात मला म्हणाले, तुमच्या बहिणीला जागा नको आहे, तिला आम्हाला झोडपायचं आहे. तेव्हा मी काही बोललो नाही, कारण मलाही तसंच वाटायला लागलं होतं.

तू कुणाकडे कधी काही सरळ मागितलंस का ताई? शिकायला बाहेर जायचं होतं तेव्हा बाबांनासुद्धा तू "मला कशाला शिकवता, भांडी घासायला पदवी लागत नाही" असं म्हणालीस. आणि त्यांनी तुझं खरं धरलं असतं तर? आईने मधे पडून सांगितलं, तिला जायचंय हो. दर वेळी कुणीतरी मधे पडून तुझं बोलणं उलटं करून सांगायचं. आधी आई, मग मी. मी थकलो होतो. हे कारण म्हणून सांगत नाही. पण थकलो होतो.

भाऊ

३० जून

भाऊ,

हे पत्र चौथ्यांदा लिहायला घेतलं आहे. आधीच्या तिन्हींत शेवटी टोमणा आला म्हणून फाडली.

या पत्रात टोमणा नाही. शोधू नकोस. जे लिहिलं आहे त्याचा अर्थ तेवढाच आहे.

तू केलंस ते वाईट केलंस. मला त्याचं फार लागलं आहे. अजून लागतंय. पण आईबद्दल तू लिहिलंस ते खरं आहे, आणि अध्यक्ष आले होते तेही खरं आहे. ते गेल्यावर मी त्यांच्या कपाकडे बघत बसले होते. चहा तसाच होता. त्यांना हाक मारावीशी वाटली होती. मारली नाही.

मला ती जिन्याखालची खोली पाहिजे. जिला मी कोंबड्यांचं खुराडं म्हणाले तीच. मुतारीशेजारची, उतरत्या छताची. मजला नको, अर्धा मजला नको, तेवढी खोली पुरे. खात्याला कायमची जागा दाखवता येईल आणि पोरं घरी बसणार नाहीत. वखारवाल्याने दिलेला महिना जुलैत संपतो. पोरं विचारतात, बाई, नवी शाळा कधी. मी त्यांना दर वेळी काहीतरी मजेशीर उत्तर देते. ती हसतात, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारतात.

पोरांसाठी मागते आहे, पण नुसतं पोरांसाठी नाही. मला दुसरं काही येत नाही. नवरा लवकर गेला, मूल नाही, घरात मी असते तेव्हा रेडिओ असतो. सकाळी उठून जायला ती शाळा आहे म्हणून मी उठते. ती बंद झाली तर काय करायचं, हे मला माहीत नाही. मला त्याची भीती वाटते. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही, आणि लिहितानाही बरं वाटत नाहीये.

भाचीचा दवाखाना जाईल. मला ते कळतं. खाटकाच्या दुकानावर बसून पोरगी कशी झिजते ते मी पाहिलं आहे. तरी मागते आहे.

कृपा करून हे पत्र कार्यकारिणीपुढे वाच. अध्यक्षांना माझा नमस्कार सांग.

ताई

१६ जुलै

ती. ताई,

काल बैठक झाली. तुझं पत्र मी वाचलं. घरचं होतं तेवढं गाळलं, भीतीचं मात्र ठेवलं.

वाचून झालं आणि अध्यक्ष गालातल्या गालात हसले. म्हणाले, "आता हे काय नवीन? बाई आमची चांगलीच फिरकी घेतायत. खुराडं पाहिजे म्हणे, वर नमस्कार." बिल्डरचा माणूसही हसला. आर्किटेक्टने तर विचारलं की यातलं सगळं उलटं धरायचं का, म्हणजे त्याला तसं आराखड्यात घ्यायला बरं. कुणाचा विश्वास बसेना, ताई. तू सरळ बोलू शकतेस हे त्यांना खरं वाटेना. एकाने तर पत्र मागून घेतलं आणि कुठेतरी खोच सापडते का ते बघायला लागला.

मी उभा राहिलो. म्हणालो, मागच्या वेळी तुम्ही मला विचारलं होतंत, तेव्हा मी तुम्हाला फसवलं. ती चेष्टा होती आणि मला ते माहीत होतं. नंतर ती खोली माझ्या मुलीसाठी घेतली म्हणून गप्पच राहिलो. हे पत्र चेष्टा नाही. माझी बहीण आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी मागते आहे, आणि ते तिला लिहायला किती जड गेलंय हे तुम्हाला कळणार नाही, मला कळतंय. सचिवपदाचा राजीनामा तिथेच टेबलावर ठेवला. तो त्यांनी जरा जास्तच पटकन उचलला.

खोली शाळेला दिली. ठराव झाला, खात्याला पत्र आजच जाईल. अध्यक्ष बाहेर पडताना मला म्हणाले, मग हिवाळ्यातच असं का नाही म्हणाल्या त्या?

मुलीला सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं, मग तिने बुकिंगची पावती आणून माझ्यासमोर ठेवली आणि दवाखान्यात निघून गेली. माझ्याशी बोलत नाही. जेवताना मीठ मागितलं तर तिच्या आईच्या हाताने देते. तुझ्यावर राग नाही तिचा. तेवढं सांग म्हणाली, तेही आईकरवी.

एक अडचण आहे. ती खोली दुकान म्हणून बांधून झाली आहे, त्यामुळे तिला लोखंडी शटर बसलं आहे. बिल्डर आता बदलून देणार नाही. शटर जड आहे, वंगण नाही, मला दोन्ही हात लावावे लागले. तुझा उजवा खांदा वर जात नाही हे मला वहिनीने सांगितलं. तू काही सांगणार नाहीस. मी रोज सकाळी येऊन उघडून देत जाईन. संध्याकाळी ओढून घ्यायलाही येईन. येऊ का?

भाऊ

२१ जुलै

धाकट्या,

खोली बघून आले, आणि दोन दिवस रखवालदाराकडून शटर उघडून घेऊन पोरांनाही तिथे बसवून पाहिलं. आर्किटेक्टने छताचा उतार अगदी आराखड्यात होता तसाच ठेवला आहे. एवढं एकच काम त्याने बरोबर केलं. मीटरच्या खोलीतून घूं घूं असा आवाज येतो, पण करवतीच्या मानाने ते संगीत आहे. मुतारीचं दार लागत नाही. वर लिफ्ट मजल्यावर पोचली की घंटा वाजते आणि पोरं दप्तरं आवरायला लागतात. दोन दिवसांत मी तीन वेळा शाळा सुटलेली पाहिली. त्यावर काहीतरी उपाय काढावा लागेल.

सोमवारपासून वर्ग रोज इथेच भरतील. वखारवाल्याने बाकं स्वतःच्या गाडीतून आणून दिली आणि पैसे घेतले नाहीत, त्यामुळे त्याला काही बोलता येत नाही.

भाचीकडे मी स्वतः जाणार आहे. माझी एक दाढ बरेच दिवस दुखते आहे, ती तिच्याकडून काढून घेईन. काढताना तोंड उघडं असल्यामुळे मला बोलता येणार नाही. तिला जे बोलायचं असेल ते तिने तेव्हा बोलून घ्यावं.

तुला माफ केलं का, असं तुझी बायको विचारत होती. तिला सांग, अजून नाही. करीन तेव्हा सरळ सांगीन. आता जमतं मला.

शटर मी उचलून पाहिलं. गुडघ्यापर्यंत येतं. तेव्हा ये. पण वेळेवर ये. औषधाच्या दुकानात गिऱ्हाईक होतं, माल उतरत होता, असलं काही ऐकून घेणार नाही. उशिरा येणाऱ्या पोराला मी वर्गाबाहेर उभं करते. तू उशिरा आलास तर सगळा वर्ग बाहेर उभा राहील.

ताई